जुन्या ऑटोमॅटिक व्हॅनचा गिअरबॉक्स आणि जंगलातील रस्ते

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत मोठ्या कुटुंबाने गाडी घ्यायची म्हटले की पुष्कळदा ती वापरलेली सात आसनी गाडी असते, कारण नवी परवडत नाही आणि पाच आसनी गाडीत घरची माणसे, नागपूरच्या दवाखान्यात न्यायचा रुग्ण आणि परतीचे सामान एकत्र मावत नाही. ही गरज पूर्वी टाटा सुमो, टोयोटा क्वालिस यांसारख्या गाड्यांनी भागवली. त्या हाताने गिअर बदलण्याच्या होत्या आणि मूल, चामोर्शी किंवा अहेरीच्या मिस्त्रीला त्या खोलण्याचे भय नव्हते. गेल्या दहा वर्षांत हे चित्र बदलले आहे. मारुती अर्टिगाची पेट्रोल गाडी २०१५ मध्ये चार गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळू लागली, २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टामध्ये सहा गतींचा तसाच गिअरबॉक्स आला, २०२० मध्ये आठ गतींची किआ कार्निव्हल आली, आणि शहरातील पहिल्या मालकांनी विकलेल्या अशा गाड्या पुण्याची एमएच १२ किंवा नागपूरची एमएच ३१ ही पाटी तशीच ठेवून एमएच ३३ आणि एमएच ३४ च्या मुलखात फिरू लागल्या.

अडचण सुरू होते ती या गाडीचे वय वाढल्यावर. सकाळी 'डी'मध्ये दांडा टाकला तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा गिअर बदलताना मागच्या आसनावरच्या माणसाला झटका बसतो. आणि स्थानिक मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो, क्लचचे पेडलच नसलेल्या या यंत्राला हात लावायला कचरतो आणि नागपूरचा रस्ता दाखवतो. त्याचे कचरणे चुकीचे नाही, कारण हा गिअरबॉक्स खोलायला वेगळी हत्यारे आणि वेगळा सराव लागतो. तथापि गिअरबॉक्स खोलण्याची वेळ येण्यापूर्वीची जी लांबलचक वाट असते, तिच्यावर मालकाला आणि मिस्त्रीला करण्याजोगे पुष्कळ असते, आणि त्यातले बहुतेक सारे एका गोष्टीशी येऊन थांबते: आतल्या तेलाशी. जुन्या गाड्यांचे स्वयंचलित गिअरबॉक्स दात तुटून क्वचित मरतात. ते मरतात तेल तापून, मळून, चुकीचे पडून किंवा त्यात पाणी शिरून.

आपली गाडी नेमकी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हे आधी ठाऊक असावे लागते, कारण क्लचचे पेडल नसलेल्या सगळ्याच गाड्यांना बाजारात एकच नाव आहे आणि त्यांचे रोग मात्र निराळे आहेत. रेनो ट्रायबरसारख्या गाडीतील एएमटी हा मुळात हाताने चालवायचाच गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तिथे एक विजेवर चालणारी यंत्रणा करते. त्याची क्लच प्लेट नेहमीप्रमाणे झिजते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बदलता येते, फक्त बदलल्यानंतर नव्या प्लेटची पकड कुठे सुरू होते हे संगणकाला स्कॅनरने शिकवावे लागते. डॅटसन गो प्लसच्या २०१९ नंतरच्या काही गाड्यांत सीव्हीटी असतो, म्हणजे दात असलेल्या चाकांऐवजी कमीजास्त रुंद होणाऱ्या दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा. त्याला स्वतःचे खास तेल लागते आणि जादा भार मुळीच सोसत नाही. तिसरी आणि सर्वात जुनी जात टॉर्क कन्व्हर्टरची. अर्टिगा, क्रिस्टा आणि कार्निव्हल या तिन्ही गाड्यांत ती असल्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाने भरलेले, बंद, गोल भांडे असते. त्यात इंजिनाला जोडलेले एक पात्यांचे चाक तेल भिरकावते, ते तेल समोरच्या दुसऱ्या पात्यांच्या चाकावर आदळून त्याला फिरवते आणि हे दुसरे चाक गिअरबॉक्सला जोडलेले असते. दोघांच्या मध्ये बसवलेले तिसरे, छोटे चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून सुरुवातीला इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले तेव्हा त्यांच्यापुढे मोटार नव्हती, जहाजाचा पंखा होता. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घट्ट जोड नसून केवळ वाहते तेल असल्यामुळेच ऑटोमॅटिक गाडी उभी असताना बंद पडत नाही. याच कारणाने हळू चालताना तिची काही शक्ती सतत तेल घुसळण्यात जाते, आणि घुसळलेले तेल तापते. सपाट रस्त्यावर वेग पकडल्यावर आतला एक क्लच दोन्ही चाके एकमेकांना जखडतो, त्याला लॉक-अप म्हणतात; तो लागला की घुसळण थांबते आणि तेल थंडावते.

कन्व्हर्टरच्या मागे प्लॅनेटरी गिअर असतात, म्हणजे मधल्या एका दातेरी चाकाभोवती फिरणारी लहान चाके आणि त्या सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. यांपैकी कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता मोकळा सोडायचा यावर गिअर ठरतो, आणि धरण्यासोडण्याचे काम कागदासारख्या पातळ अस्तराच्या अनेक क्लच चकत्या करतात. या चकत्या दाबल्या जातात त्या तेलाच्या दाबाने; दाब निर्माण करतो इंजिनावर फिरणारा पंप; आणि तो कोणत्या वाटेने जावा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या चक्रव्यूहासारख्या ठोकळ्यातील झडपा व विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड ठरवतात. थोडक्यात, साध्या गिअरबॉक्समध्ये वंगणाचे काम करणारे तेल इथे शक्ती वाहून नेते, क्लच दाबते, चकत्यांची पकड सांभाळते आणि उष्णताही बाहेर काढते. त्यामुळे तेल बिघडले की ही चारही कामे एकदम बिघडतात, आणि बाहेरून मात्र 'गिअर उचलत नाही' एवढेच दिसते.

इथे चंद्रपूरचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे हे या शहराला नवे नाही. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल नळीवाटे रेडिएटरपर्यंत येते, तिथल्या पाण्याला आपली उष्णता देते आणि ते पाणी ती हवेत सोडते; म्हणजे शेवटी सगळा भार बाहेरच्या हवेवर असतो. रेडिएटरमधले पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर दोहोंत ७० अंशांचा फरक असतो. हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० उरतो, आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता या फरकाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. त्यातच दुर्गापूर, घुग्घुस किंवा बल्लारपूरच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत कोळशाची आणि राखेची धूळ साचलेली असते, तिच्यापुढच्या एसीच्या जाळीत किडे आणि पाचोळा अडकलेला असतो, आणि हवेचा मार्ग आणखी अरुंद होतो. तेलाचे निरोगी तापमान साधारण ८० ते ९५ अंश मानले जाते; त्याच्यावर दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. सुमारे १२० अंशांना तेलाची राळ बनून झडपांना चिकटू लागते, त्याच्या वर रबरी सील कडक होतात आणि १४५ अंशांच्या आसपास क्लच चकत्यांची पकडच सुटते.

एवढे तापमान होते कसे, असा प्रश्न पडावा. पण हिशेब सोपा आहे. चढावर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू जाताना इंजिन ४० किलोवॅट शक्ती देत असेल आणि लॉक-अप न लागलेला कन्व्हर्टर तिच्यातली फक्त ८० टक्के पुढे पोचवत असेल, तर उरलेले ८ किलोवॅट तेलात उतरतात, म्हणजे दोन-दोन किलोवॅटचे चार घरगुती गिझर सहा-सात लिटर तेलात एकदम चालू केल्यासारखे होते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी खिळखिळ्या केलेल्या एटापल्ली-आलापल्ली भागातील रस्त्यांवर, ट्रकांच्या रांगेमागे तासाला पंधरा-वीस किलोमीटरने सरकणारी भरलेली व्हॅन नेमकी याच अवस्थेत असते. तेंदूपत्त्याचा हंगाम आणि लग्नसराई दोन्ही उन्हाळ्यातच येतात, ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांची मोहर्लीच्या दाराकडची गर्दीही पाणवठ्यांवर वाघ दिसण्याच्या आशेने याच काळात वाढते, आणि सात आसनांच्या गाडीत दहा माणसे व टपावर सामान हे दृश्य कोणाला खटकत नाही. गिअरबॉक्सला ते खटकते. भार अटळ असेल तर दांडा 'डी'मध्ये सोडून न देता खालच्या गिअरमध्ये ठेवणे, रांगेत बराच वेळ थांबावे लागले तर 'एन' किंवा 'पी'मध्ये टाकणे आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी रेडिएटरची जाळी आतून बाहेर पाण्याने धुऊन घेणे, या बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. नेहमी भार वाहणाऱ्या गाडीला रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर बसवणे ही या जिल्ह्यांत चैन नाही.

याच संदर्भात आणखी एक स्थानिक दोष सांगायला हवा. अनेक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचे जड पाणी ओतले जाते, आणि ते वर्षानुवर्षे तिथे क्षार धरते व धातू खाते. गिअरबॉक्सच्या तेलाची नळी ज्या गाडीत रेडिएटरच्या पोटातून जाते, तिथे ती आतून गंजून फुटली की पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते. तेल गुलाबी दुधासारखे होते, क्लच चकत्यांवरचे अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेले असते तो सुटू लागतो, आणि त्यानंतर तेल कितीही वेळा बदलले तरी तो गिअरबॉक्स सहसा वाचत नाही. रेडिएटरमधले काही शे रुपयांचे कूलंट वाचवून लाखाच्या घरातला खर्च ओढवून घेण्याचा याहून सरळ मार्ग नसेल.

चुकीच्या तेलाने काय होते, याचे इतिहासातील मोठे उदाहरण अमेरिकेत घडले, आणि तेही मिनीव्हॅनच्या जन्मभूमीत. क्रायस्लर कंपनीने १९८४ च्या श्रेणीत डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉएजर या व्हॅन आणून कुटुंबाच्या गाडीची कल्पनाच बदलली, आणि १९८९ मध्ये त्यांना अल्ट्राड्राइव्ह नावाचा चार गतींचा, पूर्णपणे संगणकाने चालवलेला गिअरबॉक्स दिला. त्याला कंपनीचे ठरावीक तेल लागत असे. पण त्याऐवजी सर्रास मिळणारे डेक्सरॉन जातीचे तेल घातलेल्या गाड्या लॉक-अप लागताना थरथरू लागल्या, कारण दोन तेलांतील घर्षणाचा गुणधर्म वेगळा होता. सुरुवातीच्या वर्षांत या गिअरबॉक्सची जी बदनामी झाली तिच्यात रचनेतील उणिवांचाही वाटा होता, हे खरे. तरी त्यातून दुरुस्ती करणाऱ्यांच्या पिढीने एक नियम शिकला, की बरणीवर 'सर्व गाड्यांसाठी' लिहिलेल्या तेलापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतील नावाचे तेल आणावे. आपल्याकडे टोयोटाच्या अनेक गाड्यांना डब्ल्यूएस, जुन्या ह्युंदाई-किआ गाड्यांना एसपी-३ अशी वेगवेगळी तेले लागतात आणि सीव्हीटीचे तेल तर सर्वस्वी निराळे असते. जिल्ह्याच्या दुकानात नेमके ते मिळाले नाही तर नागपूरहून मागवण्यात दोन दिवस गेलेले परवडतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना परिचित असलेली होंडा ओडिसी ही व्हॅनही या बाबतीत उद्बोधक आहे. एप्रिल २००४ मध्ये होंडाने ओडिसीसह सुमारे ११ लाख वाहने तपासणीसाठी परत बोलावली, कारण काही परिस्थितीत दुसऱ्या गिअरच्या चाकाला पुरेसे तेल न पोचून ते तापत होते आणि दाते तुटण्याची शक्यता होती. कमी धावलेल्या गाड्यांत त्या चाकावर तेलाचा झोत सोडणारी एक नळी बसवण्यात आली आणि जास्त धावलेल्या गाड्यांत आधी उष्णतेने चाकाचा रंग बदलला आहे का हे पाहण्यात आले. म्हणजे खुद्द उत्पादकाच्या कारखान्यातही प्रश्न शेवटी तेल आणि उष्णता यांपाशीच येऊन पोचला होता.

तेल तपासण्याची पद्धत गाडीगणिक बदलते. जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्सला इंजिनाप्रमाणे तेलाची पट्टी असते. ती बहुतेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन तापलेले आणि चालू असताना पाहायची असते, तर काही होंडा गाड्यांत इंजिन बंद केल्यानंतर लगेच. नवे तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असते. ते तपकिरी झाले असेल तर बदलण्याची वेळ झाली आहे, काळे पडून जळका वास येत असेल तर चकत्या जळू लागल्या आहेत, आणि बोटांमध्ये चमचमणारे कण लागले तर धातू झिजतो आहे. अनेक नव्या गिअरबॉक्सना पट्टीच नसते. त्यांत तेलाची पातळी खालचा एक बूच काढून पाहावी लागते, आणि तीही उत्पादकाने ठरवलेल्या तापमानाला, जे पुष्कळ गाड्यांत ४० अंशांच्या आसपास असते. त्यापेक्षा गरम तेल फुगलेले असल्यामुळे पातळी पुरेशी नसतानाही पुरेशी दिसते. मे महिन्यातल्या चंद्रपुरात दुपारी उभी असलेली गाडी इंजिन सुरू होण्याआधीच त्या तापमानाच्या वर गेलेली असते, त्यामुळे हे काम उन्हाळ्यात पहाटेच करून घ्यावे, असे गॅरेजला बजावणे आवश्यक ठरते.

पट्टी नसलेल्या गिअरबॉक्सबरोबर 'आयुष्यभर तेल बदलण्याची गरज नाही' हे वाक्यही येते. यातले आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीच्या मुदतीचे, याचा खुलासा सहसा केलेला नसतो. उष्णता, धूळ आणि जादा भार अशा कठीण वापरासाठी अनेक उत्पादक आपल्याच पुस्तिकेत तेल बदलण्याचे वेगळे, कमी अंतर देतात, आणि या दोन जिल्ह्यांतील जवळजवळ प्रत्येक गाडी त्या व्याख्येत बसते; म्हणून ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलणे इथे शहाणपणाचे आहे. तळाचे बूच काढल्यावर सगळे तेल बाहेर पडत नाही, कारण बरेचसे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. एका वेळी तिसरा हिस्सा ते निम्मे तेल बदलते, त्यामुळे थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलावे लागते. 'जुने तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला' अशी हकिगत अनेकदा ऐकू येते. तिच्यात तथ्य एवढेच असते, की चकत्या आधीच झिजलेल्या होत्या आणि मालकाला तेलाची आठवण घसरण सुरू झाल्यावर झाली. दाबाने आतली घाण उपसणारे यंत्र लावून केलेली सफाई अशा जुन्या गिअरबॉक्सवर टाळावी, साधे काढणे-भरणे पुरते.

गिअर घसरतो किंवा झटका मारतो याचा अर्थ दरवेळी गिअरबॉक्स खराब झाला असाही नसतो. बॅटरी कमजोर असेल तर संगणकाला मिळणारी वीज डळमळते आणि तो चुकीची तक्रार नोंदवतो. इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल तर प्रत्येक गिअरला धक्का बसतो. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर येणारी थरथर गिअरबॉक्सची वाटते. आणि अंगणात धानाच्या पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असण्याची शक्यता तर इथे प्रथम तपासावी अशीच आहे. दोष आढळला की संगणक पुष्कळदा गाडीला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, त्याला गॅरेजमध्ये लिंप मोड म्हणतात. वेग ४०-५० च्या पुढे जात नाही, पण हळूहळू घरी पोचता येते. हे बिघाडाचे लक्षण असले तरी त्याचा हेतू संरक्षणाचा असतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाडी पूर्ववत झाली, तरी नोंदवलेला दोष स्कॅनरने वाचून घ्यावा. पी ०७०० हा आकडा फक्त 'गिअरबॉक्सच्या संगणकात काही नोंद आहे' एवढेच सांगतो. त्याच्या सोबतचे आकडे महत्त्वाचे, उदाहरणार्थ पी ०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही आणि पी ०७४० म्हणजे लॉक-अपच्या क्लचमध्ये गडबड आहे. नुसता पहिला आकडा दाखवून गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढावी.

पावसाळ्यात प्रश्न पाण्याचा होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी गडचिरोलीत वर्षानुवर्षे येत आली आहे, आणि मोठ्या नदीखेरीज वाटेत असंख्य नाले आणि त्यांवरचे बुटके रपटे असतात. रपट्यावरच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढताना इंजिन बंद पडले नाही म्हणजे सुटलो, असा सर्वसाधारण समज असतो. गिअरबॉक्सला मात्र आतली हवा फुगण्या-आकसण्यासाठी एक श्वसननळी असते. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ती या नळीतून किंवा झिजलेल्या सीलवाटे पाणी आत ओढते. हे पाणी त्या दिवशी काहीच दाखवत नाही. आठ-पंधरा दिवसांनी गिअर घसरू लागतात आणि तोवर रपट्याचा प्रसंग विसरलेला असतो. गाडी अशा पाण्यात बुडाली असेल तर लगेच तेल पाहावे आणि ते दुधाळ दिसले तर गाडी न चालवता तेल बदलावे. चिखलात रुतलेली गाडी 'डी' आणि 'आर'मध्ये पुन्हापुन्हा टाकून झोके देत काढण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण चाके एका दिशेने फिरत असताना उलटा गिअर पडला की तो धक्का चकत्या आपल्या अस्तरावर झेलतात. चाकाखाली दगड-फांद्या टाकून, चार माणसांनी ढकलून, हलक्या पायाने गाडी काढणे अधिक स्वस्त पडते.

रस्त्यात गाडी पूर्ण थांबली तर साध्या गाडीच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, कारण तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, आणि दाब नाही म्हणजे चाके आणि इंजिन यांच्यात जोडच नाही. याच कारणाने तिला दोराने टोचन करून नेणेही धोक्याचे असते, कारण चाके फिरत राहतात आणि आतले भाग तेलाविना कोरडे घासतात. अर्टिगा आणि कार्निव्हल यांची पुढची चाके ओढतात आणि क्रिस्टाची मागची, त्यामुळे ओढणारी चाके उचलूनच गाडी न्यावी. शक्य असेल तर सपाट पाटाच्या गाडीवर चढवून न्यावी हे उत्तम. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, मधल्या जंगलात मोबाइलचा सिग्नल सलग नसतो आणि रात्री वाघ-बिबट्याच्या भागात गाडीबाहेर उभे राहून मदतीची वाट पाहणे शहाणपणाचे नसते. म्हणून आलापल्ली सोडण्यापूर्वीच, तिथल्या किंवा अहेरीच्या कोणाकडे असा पाटाचा ट्रक आहे, त्याचा क्रमांक लिहून ठेवलेला बरा.

शेवटी खर्चाचा प्रश्न उरतो. सोलेनॉइड बदलणे किंवा व्हॉल्व्ह बॉडी साफ करणे ही तुलनेने माफक दुरुस्ती असते आणि पुष्कळदा गिअरबॉक्स न उतरवता होते, त्यामुळे संपूर्ण ओव्हरहॉलचा अंदाज ऐकण्याआधी ही शक्यता तपासली का, असे विचारावे. चकत्या जळल्या असतील तर दोन मार्ग राहतात: सर्व सील, चकत्या आणि कन्व्हर्टर बदलून घेणे, किंवा दिल्लीच्या मायापुरीसारख्या बाजारातून अपघाती गाडीचा गिअरबॉक्स आणून बसवणे. दुसरा मार्ग स्वस्त असतो, पण त्या गिअरबॉक्सचा इतिहास कोणालाच माहीत नसतो, म्हणून लेखी हमी मिळत नसेल तर तो सोडावा. कोणताही मार्ग घेतला तरी तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या किंवा बदलल्या पाहिजेत, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा चुरा नव्यात जातो आणि वर्षभरात तोच खर्च पुन्हा येतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण येते. २०१५ च्या गाडीला ही मर्यादा २०३० मध्ये गाठायची आहे. ओव्हरहॉलचा अंदाज गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल आणि नोंदणीची तीन वर्षेही उरली नसतील, तर दोष घेणाऱ्याला स्पष्ट सांगून गाडी विकणे हाच व्यवहार फायद्याचा ठरतो.

जे कुटुंब अजून गाडी शोधत आहे त्याने ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी, 'पी'तून 'आर'मध्ये टाकल्यावर दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का ते मोजावे, मग चंद्रपूर ते मूल इतके तरी अंतर चालवून गाडी तापल्यावर ६०-७० च्या स्थिर वेगात थरथर येते का ते पाहावे. पावसाळ्यात सिरोंचा किंवा भामरागडकडे नेमाने जावे लागणाऱ्यांनी वापरलेल्या गाड्यांत हाताने गिअर टाकण्याचीच गाडी घ्यावी. ज्यांना ऑटोमॅटिकच हवी आहे त्यांनी गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची पावती मागावी, आणि ती न दाखवणाऱ्याची गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.